शब्द तोडणाऱ्या टाकळीकर काकू

राहुरीहून विद्यापीठाकडे जाताना, फाट्याच्या जरा अलीकडे, झेरॉक्सची, बाइंडिंगची आणि चहाची आठ-दहा दुकानं एका रांगेत आहेत. त्यातल्या तिसऱ्या गाळ्यावर ‘देवश्री टायपिंग’ अशी पाटी आहे. टाइपरायटर तिथून कधीच गेला. आता दोन संगणक आणि एक कुरकुरणारा प्रिंटर आहे, पण पाटी बदलायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. शेतीचं शिक्षण घ्यायला आलेल्या मुलामुलींचे प्रबंध या गाळ्यात टाइप होतात, आणि ते करतात विजया टाकळीकर. साठीला आलेल्या, ठेंगण्या, चष्म्याच्या दोरीला सारख्या हात लावणाऱ्या. मुलं त्यांना काकू म्हणतात.

विजयाबाई मूळच्या पारनेरच्या. वडील शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे घरातल्या किराण्याच्या यादीतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं चालत नसे. बारावीनंतर त्यांनी टायपिंगचा क्लास लावला, इंग्रजीच्या मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि पुढच्याच वर्षी लग्न होऊन राहुरीला आल्या. यजमान नृसिंह तहसील कचेरीत कारकून. घरात बसून काय करायचं, म्हणून त्यांनी एक जुनं मशीन घेतलं आणि ओसरीवर टेबल टाकून काम सुरू केलं. पहिलाच प्रबंध आला तो साखर कारखान्यांवरचा.

त्या मशीनवर ओळ संपत आली की टिंग करून घंटा वाजायची. घंटेनंतर सात-आठ अक्षरांची जागा उरे. शब्द तेवढ्यात मावला तर उत्तम, नाहीतर तो तोडायचा, बारीक आडवी रेघ द्यायची आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत न्यायचा. तोडायचा कुठे, हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. विजयाबाई घंटा वाजेल तिथे तोडत गेल्या.

आठवड्याने त्या विद्यार्थ्याचे मार्गदर्शक डॉ. निसळ स्वतः पानं घेऊन घरी आले. उंच, किडकिडीत माणूस. चहा नको म्हणाले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “बाई, तुम्ही आपले सगळे साखर कारखाने कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलेत.”

विजयाबाईंना काही कळेना. शब्द होता कोऑपरेटिव्ह. त्यांनी तो सी-ओ-ओ-पी इथे तोडला होता.

“हा तुकडा एकटा वाचला की होतो ‘कूप’. कूप म्हणजे खुराडं,” सर म्हणाले. “वाचणाऱ्याचा डोळा ओळीच्या शेवटी क्षणभर थांबतो. तेवढ्यात त्याला कोंबड्या दिसल्या, तर पुढचं वाक्य गेलंच की हो. ‘को’च्या पुढे तोडा. ‘को’ म्हणजे सह आणि ‘ऑपरेटिव्ह’ म्हणजे काम करणारा, कारी. सहकारी. आपला शब्द जसा बांधलाय, अगदी तसाच तोही बांधलाय. सांधा असेल तिथे तोडला की शब्दाला दुखत नाही.”

विजयाबाईंचे कान लाल झाले. पण रागावण्यासारखं सर काही बोलले नव्हते. पाच कार्बनसकट ती पानं त्यांनी पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दिवशी सरांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश पाठवून दिला. त्यात प्रत्येक शब्द टिंबं देऊन तुकडे पाडून छापलेला होता.

तिथून त्यांना नाद लागला. एक लांबट वही केली. प्रबंधात जो मोठा शब्द येई, तो कोशात बघायचा आणि टिंबांसकट वहीत उतरवायचा. फोटोसिंथेसिस, मायक्रोऑर्गॅनिझम, हायड्रोपोनिक्स. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की हे लांबलचक शब्द म्हणजे ठरलेल्या थोड्याच तुकड्यांची जुळणी आहे. हायड्रो आलं की पाणी. फोटो आलं की उजेड. मागे लॉजी लागलं की कसलं तरी शास्त्र. प्रबंधात काय म्हटलंय ते कळत नसे, पण शब्दांचे सांधे त्यांना डोळे मिटून दिसत. मग त्यांनी फाट्याजवळ गाळा घेतला आणि मुलीच्या, देवश्रीच्या, नावाची पाटी लावली. पुढे पुढे तर पोरंच विचारायला लागली, “काकू, हा कुठे तोडायचा?” वही चार हजार शब्दांच्या पुढे गेली.

मग संगणक आले. मावला नाही तर अख्खा शब्द आपोआप खालच्या ओळीत जाऊ लागला. तोडण्याचं काम संपलं. विजयाबाईंनी सहा महिन्यांत माउस हाताळायला शिकून घेतलं, गाळ्यात मशीनच्या जागी संगणक आणला आणि वही घरी कपाटात ठेवून दिली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं असंही नाही. काम भरपूर होतं.

एक गोष्ट मात्र त्या कुणाला सांगत नसत. इंग्रजी शब्द मोठ्याने उच्चारायला त्या कचरत. हजारो शब्द डोळ्यांखालून आणि बोटांखालून गेले होते, पण कानावर पडले होते फार थोडे. देवश्री पुण्याला नोकरीला लागली तेव्हा एकदा फोनवर सहज म्हणाली, “आई, डेव्हलपमेंटमध्ये ‘डे’वर एवढा जोर नसतो गं.” लेक हसली, आईही हसली. पण त्यानंतर गाळ्यात इंग्रजी शब्द आला की विजयाबाई तो बोटाने दाखवू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरची गोष्ट. अश्विनी नरवडे पेनड्राइव्ह घेऊन गाळ्यात आली. ही तिसगावची. वडील सहादेव नरवडे यांची तिथे कोरडवाहू जमीन. घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच आणि थेट पीएच.डी.पर्यंत येऊन ठेपलेली. हरभऱ्याला नेमकं किती पाणी लागतं, हा तिचा विषय, आणि मापं घेतलेली वडिलांच्याच शेतात. प्रबंध टाइप होऊन गेला होता, आता फक्त तोंडी परीक्षा राहिली होती, तिच्या स्लाइड छापून हव्या होत्या. ती आली, स्टुलावर बसली आणि प्रिंटरकडे बघत राहिली.

“काय गं, काय झालं?”

“मला न्हाई जमायचं काकू,” अश्विनी म्हणाली. एरवी ती गाळ्यात अगदी पुस्तकी बोलायची. “आज विभागात रंगीत तालीम हुती. सगळं नीट चाललं हुतं. मग तो शब्द आला. मी इव्हॅपोट्रान्स्पायरेशन म्हणाले, तर मागून कुणीतरी फिसकन हसलं. का हसलं तेच कळेना. त्यानंतर दर वेळी तो शब्द आला की माझी गाडी अडायला लागली. आणि काकू, माझ्या प्रबंधात तो किती वेळा आलाय माहितीये?”

“दोनशे चौदा,” विजयाबाई म्हणाल्या. त्यांनीच त्याचं स्पेलिंग सगळीकडे एकदम बदललं होतं, तेव्हा संगणकाने हा आकडा दाखवला होता. “अगं, घाबरायचं काय त्यात? तोडून म्हण. इ-व्हॅ-पो-ट्रान्स-पाय-रे-शन. सात तुकडे.”

कितीतरी दिवसांनी त्यांनी एक मोठा शब्द तोंडाने म्हटला होता. म्हटला तोही ठसक्यात. अश्विनीने मोबाईल काढला, तोच शब्द त्यात लिहिला आणि आवाजाचं बटण दाबलं. मोबाईलमधली बाई म्हणाली, “इव्हॅपोट्रान्स्पिरेशन.”

विजयाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. तेच.

“यातला पाय कुठे गेला?” त्या म्हणाल्या.

“तुटला,” अश्विनी म्हणाली आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

विजयाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी गाळा लवकर बंद केला. चार हजार शब्द आपल्याला येतात असं आपण समजत होतो आणि एकही धड म्हणता येत नाही, हे त्यांना लागलं होतं. घरी आल्यावर चपला काढून त्या सरळ कपाटाशी गेल्या, कोश काढला आणि तो शब्द शोधला. टिंबं होती तशीच होती. शेजारी कंसात उच्चार होता, आणि त्यात एका तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीकशी उभी रेघ होती. ती रेघ त्यांनी इतक्या वर्षांत हजारदा पाहिली होती. छपाईची काहीतरी खूण असेल म्हणून वहीत कधी उतरवली नव्हती.

कोशाची सुरुवातीची पानं उघडून त्या बसल्या. ती सूचनांची बारीक अक्षरातली पानं आजवर त्यांनी वाचलीच नव्हती. नृसिंहराव दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “आज पोळ्या आहेत की कोशच वाढणार आहेस?”

“भात लावा ना तुम्ही,” विजयाबाई मान वर न करता म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, “अहो, ऐका. ही रेघ ज्या तुकड्याच्या आधी असते ना, त्यावर जोर द्यायचा. बाकीचे तुकडे हलके. आपण मराठीत सगळी अक्षरं सारखीच वाजवतो. इंग्रजीत एकच वाजवायचं आणि बाकीची नुसती स्पर्शून जायची.”

“मग इतकी वर्षं?” नृसिंहराव म्हणाले.

“इतकी वर्षं मी टिंबंच मोजत बसले.”

नृसिंहरावांनी भात लावला. पिठलंही केलं.

सकाळी अश्विनी प्रिंट न्यायला आली, तेव्हा विजयाबाई वही आणि कोश दोन्ही टेबलावर मांडून बसल्या होत्या. ‘शन’ने संपणाऱ्या साठेक शब्दांवर त्यांनी लाल पेनाने रेघा दिल्या होत्या.

“हे बघ. इरिगेशन, जोर ‘गे’वर. जर्मिनेशन, ‘ने’वर. पॉलिनेशन, पुन्हा ‘ने’वर. शब्द कितीही लांब असू दे, शेवटी ‘शन’ आलं की जोर त्याच्या अलीकडच्या घरात. साठातला एकही चुकला नाही. तुझा शब्द म्हण बरं. सगळा जोर ‘रे’वर टाक, बाकीचं पळव.”

“इव्हॅपोट्रान्स्पि-रे-शन,” अश्विनी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. शब्द घसरगुंडीवरून आल्यासारखा आला. “पण काकू, ट्रान्स्पायर म्हणताना ‘पाय’ म्हणतात. मग इथेच ‘पि’ का?”

हा प्रश्न विजयाबाईंना पहाटेपासून छळत होता. कोशात दोन्ही शब्द एकाखाली एक होते. ट्रान्स्पायरमध्ये रेघ ‘पाय’च्या आधी, ट्रान्स्पिरेशनमध्ये ‘रे’च्या आधी. त्या दोन्हींकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर मराठीत लिहिलं: पीठ, पिठाला. मूल, मुलाला.

“मास्तरांची मुलगी आहे मी,” त्या म्हणाल्या. “‘पीठ’मध्ये ‘पी’ दीर्घ. ‘ला’ जोडला की शब्द पुढे लांबतो, भार पुढे सरकतो आणि ‘पि’ ऱ्हस्व होतो. मूलचं मुलाला होतं तेही तसंच. तुझ्या शब्दातही हेच झालंय. जोर होता तोवर ‘पाय’ पसरून बसला होता. मागे शेपूट लागलं, जोर पुढे गेला, पाय आखडला. इन्स्पायर आणि इन्स्पिरेशन घे. तिथेही तेच.”

अश्विनीने ते पान जवळ ओढलं. “शाळेत पीठ-पिठाला पाठ केलं हुतं,” ती म्हणाली. “मार्क कापायचे म्हणून. असं का हुतं ते आज कळलं.”

पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी, जेवणानंतर गिऱ्हाईक कमी असताना, दोघी बसू लागल्या. अश्विनी मोबाईलवर शब्द वाजवायची, विजयाबाई कोशात रेघ बघायच्या आणि जुळलं की वहीत लाल खूण पडायची. ‘इटी’ लागलं की जोर तिच्या अलीकडे येतो, म्हणून प्रॉडक्टिव्हमध्ये ‘डक’वर असलेला जोर प्रॉडक्टिव्हिटीत ‘टि’वर जातो. ‘इक’ लागलं की तसंच, म्हणून इकॉनॉमीत ‘कॉ’ आणि इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’. मेंट आणि नेस ही शेपटं मात्र गरीब, ती लागली तरी जोर जागचा हलत नाही. डेव्हलपमध्ये तो ‘व्हे’वर, आणि डेव्हलपमेंटमध्येही तिथेच. हा शब्द आला तेव्हा विजयाबाईंनी तो तीन-चारदा पुटपुटून पाहिला आणि पुण्याला फोन लावला.

“देवश्री, ऐक. डि-व्हे-लप-मेंट. बरोबर?”

“आई, कामात आहे गं मी,” देवश्री म्हणाली. मग थांबून म्हणाली, “अगं पण एकदम बरोबर. कुणी शिकवलं?”

“निसळ सरांनी,” विजयाबाई म्हणाल्या. सरांना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण कोश त्यांचाच होता.

अश्विनीसाठी त्यांनी एक यादी छापली. भाषणातले त्रेसष्ट मोठे शब्द, देवनागरीत तुकडे पाडलेले आणि जोराचा तुकडा ठळक. अश्विनी ती यादी घेऊन वसतिगृहाच्या गच्चीवर फेऱ्या मारायची. शेजारच्या खोलीतल्या मुलींना वाटलं, ही स्तोत्र म्हणतेय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “काकू, उद्या तुम्ही या. कुणालाही येऊन बसता येतं.”

विजयाबाई गडबडल्या. शेकडो प्रबंध त्यांच्या हाताखालून गेले होते, पण त्यांतल्या एकाचीही परीक्षा त्यांनी पाहिलेली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय जायचं त्यांना सुचलंही नव्हतं. सकाळी त्या मोरपंखी साडी नेसल्या. नृसिंहराव गाळ्यात बसले.

सभागृहात त्या शेवटच्या रांगेत गेल्या. तिथे आधीच एक उन्हाने रापलेला, पांढरी टोपी घातलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पायाशी मोसंब्यांची पिशवी. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखीच होती.

“अश्विनीचे वडील ना?”

“व्हय. तुमी काकू? पोरगी लई सांगती तुमचं.” सहादेवरावांनी टोपी नीट केली. “सकाळच्या यष्टीनं आलो. मला काय कळनार न्हाई, पन बघतो म्हनलं.”

बाहेरून आलेले परीक्षक दक्षिणेकडचे होते, पांढऱ्या केसांचे, शांत. अश्विनी उभी राहिली. पहिली दोन मिनिटं तिचा आवाज बारीक होता. मग पाचवी स्लाइड आली. विजयाबाईंनी साडीचा पदर मुठीत धरला. शब्द आला, ‘रे’वर टेकला आणि निघून गेला. कुणी हसलं नाही. कुणाचं लक्षही गेलं नाही. अश्विनी पुढे बोलत होती, आणि विजयाबाई ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर प्रत्येक मोठ्या शब्दात जोर देत होत्या.

“ह्यो लांब शबुद सारखा सारखा येतोय, त्यो काय हाय?” सहादेवरावांनी हळूच विचारलं.

“जमिनीतलं पाणी उन्हाने उडून जातं ते, आणि झाडाच्या पानांतून जातं ते. दोन्ही मिळून एक शब्द केलाय.”

“हां. म्हंजी पानी गेलं किती, त्येच ना?” सहादेवराव म्हणाले. “मग ह्ये आमी रोजच बघतोय की.”

भाषण संपलं आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. विजयाबाई कान टवकारून बसल्या आणि चकितच झाल्या. परीक्षक सगळी अक्षरं सारखी वाजवत होते, एकही हलकं नाही. डे-व-लप-मेंट, असं त्यांनी म्हटलं. आणि थोड्या वेळाने अगदी स्पष्ट, दोन्ही पायांनी उभं राहून, ट्रान्स्पायरेशन.

अश्विनीची नजर क्षणभर मागच्या रांगेकडे आली. आता आपण कसं म्हणायचं, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत दिसत होता. मोठ्या माणसाने एक म्हटल्यावर आपण दुसरं म्हणणं उद्धटपणाचं दिसेल की काय? विजयाबाईंनी किंचित मान डोलावली, तू तुझं म्हण अशी. अश्विनी वळली आणि जसं पंधरा दिवस म्हटलं होतं तसंच म्हणत उत्तर देऊ लागली. परीक्षक त्यांच्या पद्धतीने म्हणत राहिले, ती तिच्या. दोघांचं एकमेकांवाचून काही अडलं नाही. पुढे त्यांनी विचारलं, मापं घेतली त्या दिवसांत वारा किती होता? यावर अश्विनीने तिसगावच्या माळावरच्या वाऱ्याबद्दल असं काही सांगायला घेतलं, की परीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसले. तासाभराने त्यांनी उठून तिचं अभिनंदन केलं. दोन तक्ते दुरुस्त करायला सांगितले, बाकी सगळं मान्य.

चहाच्या वेळी विजयाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. अश्विनीने त्यांना हाताला धरून परीक्षकांपुढे नेलं आणि ह्यांनी माझा प्रबंध टाइप केला असं इंग्रजीत सांगितलं. परीक्षक म्हणाले, छान, चुका फार कमी आहेत. मग विजयाबाईंना काहीतरी बोलायलाच हवं होतं. त्यांनी एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, “थँक यू सर. काँग्रॅच्युलेशन्स टू हर.”

जोर ‘ले’वर. अगदी जागेवर. परीक्षकांच्या ते ध्यानातही आलं नाही. सहादेवराव मात्र टोपी सावरत म्हणाले, “काकू, तुमी तर विंग्रजी बी बोलता की!”

अश्विनी आता पाथर्डीकडे एका संशोधन प्रकल्पावर कामाला आहे. परीक्षेनंतर महिन्याभरात तिने आपल्या दोन मैत्रिणींना गाळ्यात धाडलं. त्यांनी आणखी दोघींना आणलं. आता शनिवारी दुपारी तीन ते चार गाळ्यात टायपिंग बंद असतं. पाच-सात मुलंमुली स्टुलांवर, पायरीवर, कागदाच्या रिमांवर बसतात. नवी वही केली आहे, तिच्यात टिंबंही आहेत आणि रेघाही.

परवाच्या शनिवारी संस्कृती नावाची पारनेरची मुलगी आली. पशुवैद्यकाच्या पुस्तकातला एक शब्द तिने कागदावर लिहून आणला होता, पुरा कागद भरेल एवढा. विजयाबाईंनी चष्मा चढवला, कागद उजेडात धरला.

“हा मी कधी पाहिलेला नाही,” त्या आनंदाने म्हणाल्या. “सरक जरा इकडे, बघू या कुठे कुठे सांधलाय तो.”